भायल्यांच्या मनाचं काय?

१० ऑक्टोबर, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन, जवळ आला की गोव्यात मानसिक आरोग्याचे कार्यक्रम सुरू होतात, शाळेत, कॉलेजात, पंचायतीच्या हॉलमध्ये, डॉक्टर येतात, पोरं पथनाट्य करतात, परीक्षेचं टेन्शन, मोबाईल, दारू, मुलं परदेशी गेल्यामुळे घरात एकटे पडलेले आईवडील, ह्या सगळ्यावर बोललं जातं आणि चांगलं बोललं जातं. पूर्वी एवढंही नव्हतं, बांबोळीच्या मनोरुग्णालयाचं नाव घ्यायचं म्हटलं तरी लोक आवाज खाली करायचे. त्यामुळे जे चाललंय त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण एक गोष्ट मी अजून एकाही व्यासपीठावरून ऐकलेली नाही. माणसाला रोज उठून त्याच्या रंगावरून, नाकडोळ्यांवरून, तो घाटापलीकडचा आहे ह्यावरून कमी लेखलं तर त्याचं मन आजारी पडतं. आणि हे कमी लेखणं आपल्या गोव्यात भरपूर चालतं, त्यात आपण मराठी बोलणारेही आलो.

माझं म्हणणं असं आहे की वंशभेद, रंगभेद, 'भायले', म्हणजे बाहेरचे, म्हणून हिणवणं हा सरळसरळ मानसिक आरोग्याचा विषय आहे. तो सोडून आपण ताणतणावावर कितीही शिबिरं घेतली तरी आपल्याच वाड्यावरची निम्मी माणसं त्या शिबिराच्या बाहेर राहतात. आणि हे शिकावं लागतं, वय वाढलं म्हणून ते आपोआप कळत नाही.

वंशभेद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिका येते, नाहीतर दक्षिण आफ्रिका. आपल्याकडे कुठे आलाय वंशभेद, आपल्याकडे जात आहे, असं बरेच जण म्हणतात, मला शाळेच्या स्टाफरूममध्ये सुद्धा हे ऐकायला मिळालंय. पण संविधानाचं १५ वं कलम काढून बघा, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, हे सगळे शब्द एका ओळीत आहेत. म्हणजे घटना लिहिणाऱ्यांना माहीत होतं की ह्या देशात माणसाला तो कुठे जन्मला एवढ्यावरूनही खाली ढकललं जातं. घाटी, बिहारी, चिंकी, निग्रो, काळू, हे शब्द वेगवेगळ्या माणसांना लागतात पण काम एकच करतात, समोरच्याला सांगतात की तू आमच्यातला नाहीस आणि आमच्याइतका माणूस पण नाहीस.

२०१३ आठवा. ऑक्टोबरच्या शेवटी पर्रा इथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला आणि त्याच्या देशाच्या लोकांनी पर्वरीला हायवे अडवला. नंतरचे कितीतरी दिवस लोक त्या ट्रॅफिक जॅमबद्दल बोलत होते, मेलेल्या माणसाबद्दल फार कमी. 'नायजेरियन नको, ड्रग्ज नको' अशा अर्थाचे बॅनर लागले, त्यांना भाड्याने खोल्या देऊ नका असं उघड बोललं गेलं, आणि एका मंत्र्याने तर नायजेरियन लोकांना कॅन्सर म्हटलं. नंतर दिलगिरी व्यक्त झाली पण शब्द गावभर फिरून आलेला होता. ड्रग्जचा धंदा करणाऱ्याला पकडा, खटला चालवा, शिक्षा करा, ह्याला कोण नाही म्हणतंय? पण एका माणसाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या रंगाच्या प्रत्येक माणसाला आपण संशयित ठरवतो. गोव्याचे किती लोक कुठे कुठे पकडले गेले असतील, म्हणून सगळ्या गोंयकारांना कोणी कॅन्सर म्हटलेलं आपण ऐकून घेऊ का?

२०२० मध्ये ईशान्य भारतातल्या मुलामुलींना देशभर रस्त्यावर 'कोरोना' म्हणून हाका मारल्या. ही मुलं आपल्याकडे पण सलूनमध्ये, हॉटेलांत, स्पामध्ये काम करतात, स्वतःच्याच देशात त्यांना रोज कोणीतरी विचारतं की तुम्ही चीनचे का नेपाळचे. त्याच्या आधी २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत लाजपतनगरला अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याची केसांवरून, दिसण्यावरून टिंगल झाली, भांडण झालं, मार बसला आणि तो पोरगा गेला. केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली, समितीने अहवाल दिला, कायद्यात बदल सुचवले. बातमी आली, गेली. आपल्या पाठ्यपुस्तकात मला हे अजून कुठे दिसलेलं नाही.

आता मनावर काय होतं ते बोलू, कारण खरा मुद्दा तिथे आहे. एखाद्याने एकदा शिवी दिली तर माणूस दोन दिवस चिडतो आणि विसरतो. पण रोज, कधी नुसत्या नजरेने, कधी बसमध्ये शेजारची सीट रिकामी ठेवून, कधी दुकानात हातावर पैसे न देता काउंटरवर टाकून, हेच सांगितलं गेलं तर माणूस कायम सावध राहायला लागतो. घरातून निघतानाच तो विचार करतो की आज कोण काय बोलेल. शरीर सतत तयारीत राहतं, झोप उथळ होते, छातीत धडधडतं, डोकं दुखतं, पोट बिघडतं, हळूहळू कशातच राम वाटत नाही, आणि मग दारू किंवा नैराश्य, बऱ्याचदा दोन्ही. अन्यायाचा अनुभव आणि नैराश्य, चिंता ह्यांचं नातं जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे, ह्यात आता वाद राहिलेला नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क ह्या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने काळ्या लहान मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारलं की ह्यातली चांगली कोणती. बऱ्याच मुलांनी गोरीकडे बोट दाखवलं. मग विचारलं की तुझ्यासारखी कोणती, तर काही मुलांना रडू आलं. १९५४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या तेव्हा ह्या कामाचा आधार घेतला गेला. चार-पाच वर्षांच्या पोराच्या मनात आपण वाईट हे इतकं खोल जाऊन बसतं.

मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या आमच्यासारख्या शाळांचा पट आज कोणामुळे टिकलाय हे सगळ्यांना माहीत आहे, गदग, कोप्पळ, विजापूर, झारखंड, यूपीहून आलेल्या कामगारांच्या मुलांमुळे. गावातल्या बऱ्याच जणांनी मुलं इंग्रजीत टाकली, मराठी शाळा चालू ठेवली ती घरी कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या पोरांनी. तिसरीतली एक मुलगी होती, कन्नड घरची. पाढे पाठ, अक्षर मोत्यासारखं, शिक्षक दिनाला तीच बाई व्हायची. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने मधल्या सुट्टीत जेवायचं बंद केलं, बचतगटाकडून आलेला पाव आणि भाजी हातात घेऊन ती व्हरांड्याच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून बसायची आणि घंटा झाली की तशीच परत आणायची. रोज सकाळी पोटात दुखतं म्हणायची. आईने कामावर खाडा करून आरोग्य केंद्रात नेलं, जंताचं औषध दिलं, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. मी तिच्याजवळ बसायला लागले, काही न विचारता, नुसती वह्या तपासत. आठवड्याभराने तिनेच सांगितलं, 'बाई, ती म्हणतात माझ्या हातांना वास येतो. घाट्यांच्या हातांना वास येतो.' हातावर तिने घरी भांडी घासायचा साबण लावून लावून कातडी सोलवटून घेतली होती, बोटांच्या पेरांवर लाल चट्टे. ती पाव हातात घेत नव्हती कारण ते हात तिलाच नको झाले होते.

त्या पोरीला पोटाचा आजार नव्हता. तिला वर्गाने आजारी पाडलं होतं. आणि वर्गातली पोरं काय आभाळातून शब्द घेऊन येत नाहीत, तो शब्द त्यांनी घरी जेवताना ऐकलेला असतो, घरापुढच्या बाल्कांवर, म्हणजे ओसरीच्या बाकांवर, संध्याकाळी बसणाऱ्यांच्या गप्पांत ऐकलेला असतो, 'आमच्या वाड्यार घांटी भरल्यात' हे वाक्य मी स्वतः दर आठवड्याला कुठेतरी ऐकते. आम्ही काय केलं तर त्या मुलांना ओरडलो नाही, वर्गाबाहेर काढलं नाही, आधी त्या मुलीला सांगितलं की मी हे ऐकलंय आणि हे चुकीचं आहे. मग सगळ्या वर्गाने महिनाभर एकत्र गोल बसून जेवायचं ठरवलं, मी पण त्यांच्यात, आणि प्रत्येक मुलाच्या आईला बोलावून हे जसं घडलं तसं सांगितलं. दोन आया चिडल्या, आमच्या पोराला तुम्ही काय गुन्हेगार समजता म्हणाल्या. पण एका मुलाची आजी दुसऱ्या दिवशी शाळेत आली आणि त्या मुलीला जवळ घेऊन बसली, एक शब्द बोलली नाही. फेब्रुवारीपर्यंत पोरगी जेवायला लागली.

ह्या सगळ्यात एक वाक्य मला फार त्रास देतं, 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं'. आपण ते प्रेमाने बोलतो पण त्याचा अर्थ काय होतो, की बोलणाऱ्याचं काही चुकलं नाही, ऐकणाऱ्याचं मन कमकुवत आहे. ज्याला लागलं त्यालाच आपण दोषी करतो. मग तो पुढच्या वेळी सांगतच नाही. सूज आलेल्या पायाला कोणी असं म्हणत नाही, मनाला म्हणतात.

आणि हे फक्त बाहेरून आलेल्यांपुरतं नाही. आपल्या घरात सून बघताना 'मुलगी हुशार आहे पण रंगाने जरा' इथे वाक्य तोडतात, ते त्या मुलीला दारामागे ऐकू येतं. गावडा, कुणबी, वेळीप समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला, म्हणजे गोवा मुक्त होऊन चाळीस वर्षं उलटल्यावर. ह्या मातीतले सगळ्यात जुने लोक ते, आणि शिगम्यात, कार्निव्हलात, पर्यटनाच्या जाहिरातीत त्यांचं नृत्य आणि कुणबी साडी आपल्याला हवी असते, पण कॉलेजात त्यांच्या मुलांच्या बोलण्याच्या लकबीवर हसणारे आपलेच असतात. कोट्यातून आला, हे तर तोंडावर बोलतात. ती मुलं गप्प बसायला शिकतात, नंतर वर्गात यायचं टाळतात, आणि मास्तर लोक म्हणतात ह्यांना शिक्षणात इंटरेस्ट नाही.

खरं म्हणजे हा विषय गोव्याला परका असायचं काहीच कारण नाही. जुन्या गोव्यात रुआ दिरैता ह्या मुख्य रस्त्यावर आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा लिलाव व्हायचा, सोळाव्या शतकात आलेल्या प्रवाशांनी ते लिहून ठेवलंय. त्यातली काही माणसं पळाली, घाट चढून जंगलात गेली, आज येल्लापूर, हल्याळ, अंकोला भागात जे सिद्दी लोक आहेत त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज हेच, आणि त्यांच्यातली कितीतरी घरं अजून कोंकणी बोलतात. म्हणजे ज्या काळ्या माणसाला बघून आपण बसमध्ये सरकून बसतो त्याची भावकी आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आपली भाषा बोलते.

आणि १७८७ चं पिंटोंचं बंड. कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ते ओळखलं जातं. त्याच्या मुळाशी काय होतं, तर इथल्या पाद्र्यांना शिक्षण असून, लायकी असून केवळ ते गोरे नाहीत म्हणून चर्चमधली वरची पदं मिळत नव्हती. ४७ जणांना पकडलं आणि त्यातल्या १५ जणांना पणजीत हाल करून मारलं. वंशभेदाविरुद्ध उठलेलं हे आपल्या भूमीवरचं बंड आहे, अमेरिकेत गुलामी संपायच्या पाऊणशे वर्षं आधीचं. शाळेत मी हे शिकवते तेव्हा मुलांना फार आवडतं, त्यांचे डोळे मोठे होतात.

त्याच कांदोळीत १७५६ साली आबे फारिया जन्मले, त्यांच्या वडिलांचं नाव ह्या कटात घेतलं गेलं होतं. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला त्यांचा पुतळा आहे, हात पसरून उभा आणि समोर झोपेत गेलेली बाई, पर्यटक फोटो काढतात. ह्या माणसाने पॅरिसमध्ये १८१३ पासून जाहीर प्रयोग करून दाखवले आणि सांगितलं की संमोहनाची शक्ती संमोहन करणाऱ्याच्या हातात नसते, ती समोरच्याच्या स्वतःच्या मनात असते, सूचना मन स्वीकारतं म्हणून ती काम करते. पॅरिसमध्ये त्यांची टिंगल करणारं नाटक रंगमंचावर आलं, शेवटची वर्षं गरिबीत गेली. पणजीच्या आल्तिन टेकडीवर पूर्वी जे मनोरुग्णालय होतं त्याला त्यांचंच नाव होतं. मला नेहमी वाटतं की गोव्यात वंशभेदाविरुद्धचं बंड आणि मनाचं शास्त्र ह्या दोन गोष्टी एकाच घरातून आल्यात. सूचना मन स्वीकारतं हे फारियांनी सांगितलं, मग लहानपणापासून 'तू घाणेरडा, तू खालचा' ही सूचना ऐकणाऱ्या मनाचं काय होत असेल ह्याचा विचार त्यांच्या गावच्या लोकांनी नाही करायचा तर कोणी करायचा?

परदेशातले आपले लोक तर हे रोज भोगतात. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेले, स्विंडनला गोदामांत, केअर होममध्ये काम करणारे गोंयकार, त्यांना तिथे 'परत जा' ऐकावं लागतं. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं त्यात गोव्याची घरं पण होती. इंग्लंडमध्ये काळ्या लोकांना मानसिक आजारासाठी सक्तीने भरती करण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तिपटीहून जास्त आहे, म्हणजे भेदभाव माणसाला आजारी तर पाडतोच आणि उपचाराच्या वेळी पण त्याचा पिच्छा सोडत नाही. आणि ह्याच गोव्याच्या रक्ताचा एक माणूस, पियो गामा पिंटो, नैरोबीत जन्मला, गोव्याच्या मुक्तीसाठीही झटला आणि केनियाच्या काळ्या लोकांच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटिशांच्या तुरुंगात गेला, १९६५ च्या फेब्रुवारीत त्याला गोळ्या घालून मारलं. आपल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे?

आता विरोधात जे बोललं जातं ते मी टाळणार नाही, कारण त्यात खरं दुःख आहे. लोक म्हणतात बाई, तुम्ही त्यांच्या मनाचं बोलता, आमच्या मनाचं काय? डोंगर कापले, शेतं बुजवली, गावात आपलेच लोक कमी झाले, जत्रेत ओळखीचं तोंड दिसत नाही. बरोबर आहे. २०१२ ला खाणी बंद पडल्या, परत सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद, तेव्हा डिचोली-सत्तरी-सांगे भागात दारात उभे राहिलेले ट्रक आणि बँकेचे हप्ते ह्यांनी किती घरं आतून पोखरली ते मी बघितलंय, पुरुष माणसं दिवसभर आढ्याकडे बघत पडून असायची. गाव हातातून निसटतंय ही भीती खरी आहे आणि ती सुद्धा मानसिक आरोग्याचा प्रश्न आहे. पण राग कोणावर निघतो ते बघा. नगरनियोजन कायद्यात १७(२) सारखं कलम घालून जमिनींचे झोन बदलायला वाट कोणी करून दिली, कोप्पळच्या गवंड्याने? डोंगरावरच्या व्हिला झारखंडच्या हमालाने विकत घेतल्या? तो तर त्या व्हिलाच्या पायाशी पत्र्याच्या खोलीत राहतो आणि काम संपलं की त्याला तिथून पण हाकलतात. जो खरं नुकसान करतो तो काचेच्या गाडीत असतो, इंग्रजी बोलतो, त्याला आपण सर म्हणतो. राग खाली उतरतो कारण खाली उत्तर देणारा कोणी नाही. गाव वाचवायचं आंदोलन करा, मी पहिल्या रांगेत बसेन, पण त्यात 'घाटी भगाओ' आलं की ते आंदोलन जमिनीचं राहत नाही आणि जमीन पण वाचत नाही.

२०२४ मध्ये दक्षिण गोव्यातल्या कुटबणच्या मासेमारी जेटीवर ट्रॉलरवरच्या कामगारांत कॉलरा पसरला, काही जण दगावले. तेव्हा पण पहिलं वाक्य काय होतं, हेच लोक घाण करतात. शेकडो माणसं बोटीवर राहतात, तिथे पाणी आणि संडास कोणी द्यायचे होते हा प्रश्न नंतर आला. घरापासून दीड-दोन हजार किलोमीटर लांब, भाषा येत नाही, सोबतचा माणूस डोळ्यांसमोर गेला आणि वरून हे ऐकायचं. त्या मुलांशी नंतर कोणी बसून बोललं असेल का? २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजारांहून जास्त लोकांनी आत्महत्या केल्या, त्यातले चौथ्या हिश्श्याहून जास्त रोजंदारीवर काम करणारे होते, हे सरकारचेच आकडे आहेत. शिबिरं मात्र आपण कॉलेजात घेतो.

मग करायचं काय? हे काम करायला सगळे सायकियाट्रिस्ट लागत नाहीत, आणि हे जगाला गोव्याने सिद्ध करून दाखवलंय. १९९६ मध्ये इथे सुरू झालेल्या संगत संस्थेने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून नैराश्याच्या पेशंटशी बोलायला बसवलं, आणि सरकारी केंद्रांत येणारे पेशंट त्याने जास्त प्रमाणात बरे झाले. २०१० मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं, नंतर सहा ते आठ बैठकांच्या समुपदेशनाचाही असाच चांगला अनुभव आला. आज आफ्रिकेतले आणि दुसरे देश ह्या पद्धतीकडे बघतात. मग त्याच पद्धतीत कन्नड बोलणारी एक बाई, झारखंडची सादरी किंवा ओडिया जाणणारा एक मुलगा, त्यांच्याच वस्तीतला, का नको? दुःख परक्या भाषेत सांगता येत नाही. आमच्या शाळेतल्या त्या मुलीच्या आईला 'जीवाला बरं वाटत नाही' एवढंच मराठीत येत होतं, डॉक्टर ताप बघायचे.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की उपचार धर्म, संस्कृती, जात, वर्ग असा कुठलाही भेद न करता मिळाले पाहिजेत. टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि त्यावर कन्नड, हिंदी, बंगाली, उडिया बोलणारी माणसं मिळतात. हा नंबर त्या त्या भाषेत लिहून बांधकामाच्या गेटवर, जेटीवर, भाड्याच्या खोल्यांच्या नळावर लावायला कितीसा खर्च येतो? कॉन्ट्रॅक्टरला पंचायत लायसन देते तेव्हाच ही अट घालता येईल.

आणि आपण स्वतः. बसमध्ये, दुकानात, सलूनमध्ये कोणी कोणाला असं बोलताना दिसलं तर आधी बोलणाऱ्याशी भांडायला जाऊ नका, बऱ्याचदा त्याने प्रकरण वाढतं आणि मार त्या बिचाऱ्यालाच बसतो. सरळ ज्याला बोललं त्याच्याजवळ जाऊन बसा, काहीतरी साधं विचारा, कुठे उतरायचं, गाडी किती वाजताची, आणि त्याच्या स्टॉपपर्यंत बरोबर राहा. एक माणूस आपल्या बाजूने होता हे माणूस वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो आणि एवढ्याने सुद्धा त्या रात्रीची झोप वेगळी लागते. नंतर 'मी ऐकलं, ते चुकीचं होतं' एवढं बोला, उपदेश नको. बोलणारा आपला ओळखीचा असेल, आपला भावजी, आपला काका, तर त्याला चारचौघांत नाही पण घरी गाठून सांगा, आणि हे टाळू नका, कारण आपल्या माणसाचं तो ऐकतो, पोस्टरचं नाही. भजनी मंडळांत, महिला मंडळांत, चवथीच्या आरतीला जमतो तिथे हा विषय निघाला पाहिजे. संतांनी 'भेदाभेद भ्रम अमंगळ' म्हटलेलं आपण टाळ वाजवून म्हणतोच, मग मखराच्या सजावटीला हातभार लावणारा यूपीचा पेंटर बाहेर पायरीवर का बसतो?

मराठी बोलणाऱ्यांवर माझा जास्त हक्क आहे म्हणून सांगते. आपल्यातल्या कितीतरी घरांचे आजोबा-पणजोबा घाटावरूनच आलेत, आणि इथल्या कोंकणी-मराठी भाषावादात आपल्याला सुद्धा 'घाटी' म्हणून झालेलं आहे, तो डंख आपल्याला ठाऊक आहे. ज्याला ठाऊक आहे त्याने तो पुढच्यावर काढावा हे मला पटत नाही.

आमच्या पंचायतीच्या पुढच्या ग्रामसभेसाठी मी लेखी विषय दिलाय, आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस कन्नड आणि हिंदीत बोलणारी समुपदेशक बसवावी आणि भाड्याच्या खोल्यांच्या वस्तीत तिची वेळ लावावी. ग्रामसभेत मतदार यादीत नाव असलेल्यांनाच बसता येतं, त्यामुळे ज्यांच्यासाठी हे मागायचं ते तिथे नसतील. म्हणून आदल्या रविवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये त्यांची वेगळी बैठक ठेवलीय, कामावरून सुटल्यावर येता येईल अशी साडेसात वाजता, त्या मुलीची आई कन्नडमधून बोलणार आहे आणि तिचं म्हणणं मराठीत लिहून मी ग्रामसभेत वाचणार आहे. गावातल्या ज्यांना यायचंय त्यांनी या, खुर्च्या कमी आहेत, चटया घालू.